टोकावरच्या दिव्याचं तेल

९ सप्टेंबर

ही वही दुकानात कोरी पडून होती. आजपासून तिच्यात लिहिणार आहे. रोज नाही, काही घडेल तेव्हा. उद्या कोणी बोट दाखवलंच तर आपल्याकडे लेखी असलेलं बरं. आमच्या लिथारी गावात माणूस पुरल्यावर तीन वर्षांनी त्याची हाडं बाहेर काढतात, वाइनने धुतात, आणि धुता धुता त्याच्याबद्दल जे बोलतात ते ऐकलं की मरायचीच भीती वाटते. मी तर गावचा अध्यक्ष. माझ्याबद्दल आत्तापासूनच बोलतात.

मंत्रालयाचं पत्र आलं आहे. होड्यांतून येणाऱ्या, कागदपत्रं नसलेल्या परक्यांना कोंडून ठेवण्यासाठी बेटावर बंदिस्त केंद्र उभारायचं आहे. दुहेरी तार, मनोरे, दीड हजार माणसं. त्यासाठी तीन जागा बघितल्या आहेत आणि तिन्ही आमच्याच हद्दीत: शाळेमागचं मैदान, माझा मेव्हणा इग्नातिस याचं चढावरचं शेत, आणि समुद्रात घुसलेलं टोक, जिथे म्हाताऱ्या मिर्सिनीचं घर आणि ऑलिव्हची झाडं आहेत. तीस दिवसांत 'स्थानिक समुदायाचं मत' कळवायचं आहे. केंद्र हवं की नको, असं कोणी विचारलेलं नाही. कुठे, एवढंच विचारलं आहे.

सोबत नऊ पानांची पुरवणी आहे. पहिल्या पानावर लिहिलंय की कुठल्याही पूजास्थानापासून शंभर मीटरच्या आत बांधकाम करता येणार नाही. बाकीची आठ पानं निवांत वाचेन.

मैदान गेलं तर गाव माझी कातडी सोलेल. शेत गेलं तर बायको सोलेल.

१४ सप्टेंबर

आज क्रॉसचा सण. चर्चमधून सगळे या दिवशी वाटतात त्या तुळशीच्या काड्या घेऊन बाहेर पडले ते थेट कॉफीच्या दुकानात, सभेला. कानामागे तुळस खोचून लोक एकमेकांच्या अंगावर धावून जात होते.

"अध्यक्ष, तुमच्या सिमेंटच्या गोदामामागे बक्कळ जागा आहे की!" बेकरीवाली पेलाया सुरुवातीलाच म्हणाली. "ठेवा तिथे. गोण्या उचलायला माणसं फुकट मिळतील."

हशा झाला. हिच्या जिभेला हाड नाही. मी पहिलं पान वाचून दाखवलं. इग्नातिस उठला आणि म्हणाला, "पूजास्थान हवंय ना? मग बांधू की! मैदानावर एक, माझ्या शेतात एक. देवाला काय, जास्तच आवडेल." टाळ्या पडल्या. सगळ्यांना वाटलं कल्पना त्याची. सकाळी मीच ती त्याच्या कानात घातली होती, पण सिमेंट माझं म्हणून मी गप्प बसलो.

"आणि टोकावर?" पेलायाने विचारलं. "तिथे तर चॅपेल आहेच. आपल्या आज्यांच्या आज्यांपासून आहे."

"कसलं चॅपेल? निम्मं छप्पर पडलंय," इग्नातिस म्हणाला. "आणि म्हातारी रोज संध्याकाळी तिथे दिवा लावते ना खिडकीत, त्याच्या रोखानेच होड्या येतात. आमंत्रणच आहे ते!"

मग हळूहळू माना हलायला लागल्या. दिव्यामुळे होड्या येतात हे कोणाला आधी सुचलं नव्हतं, पण एकदा सुचल्यावर सगळ्यांना ते पहिल्यापासून माहीत होतं. हात वर झाले. टोकाला बेचाळीस, बाकीच्या दोन जागांना एकही नाही. पेलायाने टोकाला हात वर केला नाही, पण मैदानालाही केला नाही. तिची बेकरी मैदानासमोर आहे.

मिर्सिनीला निरोप पाठवायचा राहून गेला. सणाची गडबड होती.

१६ सप्टेंबर

नोनाकडे जाऊन आलो. मिर्सिनी माझी नोना, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मला पाण्यातून उचलून घेतलेली धर्ममाता. आमच्याकडे हे नातं रक्ताहून वरचं धरतात. बाप्तिस्मा टोकावरच्या त्या चॅपेलातच झाला होता. चॅपेल संत पारास्केवीचं. ती डोळ्यांची संत, तसबिरीला लोकांनी चांदीचे छोटे छोटे डोळे वाहिलेत, आणि नोनाच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनला जात नाही, कारण दोन रात्री अथेन्सला राहावं लागेल आणि दिवा चुकेल.

तिचा मुलगा आर्गिरिस माझ्या वयाचा. छत्तीस वर्षांपूर्वी टोकासमोर होडीसकट गेला. होडीचं एक फळकूट मिळालं, तो मिळाला नाही. पुरायला काही नव्हतं, त्यामुळे तीन वर्षांनी धुवायला हाडंही नव्हती. तेव्हापासून ती चॅपेलाच्या समुद्राकडच्या खिडकीत दिवा लावते. तेल आपल्या झाडांचं, बाजारचं नाही. एकही संध्याकाळ चुकलेली नाही.

"पांतेलिस ना रे? चालण्यावरून ओळखलं. डावा पाय अजून ओढतोस."

मी केंद्राबद्दल सांगितलं. कुठे होणार ते सांगितलं नाही, कारण अजून काही ठरलेलं नाही.

"बिचारे," ती म्हणाली. मला वाटलं गावाबद्दल म्हणते आहे. मग कळलं की नाही.

"नोना, तू काळजी करू नकोस. मी आहे."

"तू आहेस म्हणूनच मी निवांत असते. मला आता काही नको बघ. दिवा चुकू नये, एवढंच. मी गेल्यावर तू लावशील?"

"लावीन की."

"असं नाही. छातीवर क्रॉस करून सांग."

सांगितलं. मग तिने अंजिरं दिली. येताना एकही खाल्लं नाही, ती जरा कच्ची होती.

२९ सप्टेंबर

सकाळी टोकाखाली होडी लागली. बघायला गेलो तर चॅपेलात अकरा माणसं, ओलीचिंब, आणि नोना त्यांना कपडे वाटते आहे. कपडे आर्गिरिसचे! छत्तीस वर्षं पेटीत घालून ठेवलेले. निळा स्वेटर तिने एका बाईला घातला. बाईच्या कपाळावर टाक्यांची खूण, काखेत तान्हं मूल. तो स्वेटर मी तेव्हा आठवण म्हणून मागितला होता. नोना म्हणाली होती, तो परत आला तर काय घालेल? आणि आज कुठल्या कोण बाईला दिला. मला खरंच राग आला.

रस्त्यावर येऊन पोलिसांना फोन केला. अध्यक्षाचं ते कर्तव्यच आहे. अर्ध्या तासात गाडी आली. ती बाई गाडीत चढेपर्यंत नोनाचा हात सोडत नव्हती.

"पोलिसांना कोणी कळवलं असेल रे?" नोनाने विचारलं.

"कोणास ठाऊक," मी म्हणालो.

२ ऑक्टोबर

मत पाठवायला पाच दिवस उरले. इग्नातिसच्या चॅपेलाच्या भिंती झाल्या, पण आत जुनं काहीतरी हवं. नव्या बाजारू तसबिरीने कोण फसणार? म्हणून नोनाकडे गेलो.

"छप्पर गळतंय, पावसात तसबीर खराब होईल. मी सुरक्षित ठेवतो," असं म्हणालो. आणि ते खोटं नाही, छप्पर गळतंच. तिने तसबिरीचं चुंबन घेतलं, चांदीचे डोळे एकेक चाचपून बघितले आणि दिली.

मग कागद पुढे केला.

"यात काय लिहिलंय?"

"तसबीर जपायला देते आहेस, आणि चॅपेलाची काळजी आता गाव घेईल, असं."

कागदात अजून थोडं होतं. चॅपेल वापरात नाही, तसबीर मूळ इग्नातिसच्या घराण्याची, आणि टोकावर केंद्र करायला जमीनमालकिणीची हरकत नाही. मी वाचताना जरा आटोपतं घेतलं. वयस्कर माणसांना सगळं ऐकवून घाबरवण्यात काय अर्थ आहे?

"तू वाचलंस ना? मग झालं," म्हणत तिने खाली क्रॉस काढला. क्रॉस कागदाबाहेर टेबलावर जात होता, मी तिचा हात धरून आत आणला.

घरी एवांथियाला सांगितलं. बायको म्हणाली, "तुझी नोना आहे ती."

मी म्हणालो, "आणि इग्नातिस तुझा भाऊ आहे."

त्यावर ती पालक निवडायला लागली.

८ ऑक्टोबर

काल मत रवाना केलं. पूजास्थानांच्या यादीत पाच नावं घातली. टोकाचं घातलं नाही. जे वापरात नाही ते यादीत कसं घालणार?

पाच झाली, कारण दोनावर लोक थांबलेच नाहीत. ज्याच्या त्याच्या मनात आलं की आपलंही शेत सुरक्षित असलेलं बरं. दुकानातलं सिमेंट संपलं, दोनदा मागवलं. आमचे पाद्री पापा-प्रोकोपिस आठवड्यात पाच चॅपेलं पवित्र करून दमले आहेत. इग्नातिसच्या दारावर संगमरवरी पाटी लावली आहे: इसवी सन १८७१.

पापा-प्रोकोपिस तुळशीची जुडी पाण्यात बुडवता बुडवता थांबले. "पांतेलिस, ही तसबीर मिर्सिनीची ना?"

"तिने दिली."

"दिली?"

"कागद आहे माझ्याकडे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पाणी शिंपडलं. माझ्या तोंडावर जरा जास्तच उडालं.

१७ ऑक्टोबर

मंत्रालयाच्या इंजिनिअर श्रीमती वलासी येऊन गेल्या. पन्नाशीची बाई, पायात चिखलाचे बूट, तोंडावर हसू नाही. इग्नातिसच्या चॅपेलात शिरल्या, भिंतीला बोट लावलं, बोटाचा वास घेऊन बघितला.

"इसवी सन अठराशे एक्काहत्तर," त्या म्हणाल्या, "आणि गिलावा अजून ओला."

"दमट हवा आहे आमच्याकडे," इग्नातिस म्हणाला.

त्यांनी पाचही नावांवर काट मारली. मग त्या म्हणाल्या, "टोकावर काय आहे?"

"काही नाही बाई. एक पडकी भिंत. बकऱ्या बसतात."

"जुनी भित्तिचित्रं वगैरे?"

"काळी भिंत आहे नुसती."

"पुरवणीचं सहावं पान वाचलंत ना तुम्ही?"

"म्हणजे काय! वाचलं की."

त्यांना चारची बोट गाठायची होती. टोकावर जायला वेळ नव्हता. मी त्यांना पेलायाकडचे पाव बांधून दिले. काळी भिंत आहे हे काही मी खोटं सांगितलं नाही. छत्तीस वर्षांच्या दिव्याची काजळी आहे तिच्यावर.

२१ नोव्हेंबर

निकाल लागला. टोक.

पत्रात लिहिलंय: 'स्थानिक समुदायाचं एकमुखी मत आणि जमीनमालकिणीची लेखी संमती लक्षात घेऊन.' कॉफीच्या दुकानात लोकांनी मला खांद्यावर घेतलं. ऊझो दारूचे पेले माझ्यासमोर रांगेत ठेवले. पंधरा वर्षं अध्यक्ष आहे, पण असं प्रेम कधी मिळालं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं.

मग नोनाला सांगायला गेलो. ती लाकडं रचत होती.

"हे कोणी ठरवलं?"

"मंत्रालयाने, परस्पर. आम्ही खूप भांडलो."

ती लाकडांवर बसली. झाडांबद्दल काही बोलली नाही, घराबद्दल नाही. "आणि दिवा?"

"चॅपेलाला कोणी हात लावणार नाही. दिव्याचं मी बघतो. छातीवर क्रॉस करून सांगितलंय ना?"

"सांगितलंयस," ती म्हणाली आणि माझ्या गालावरून हात फिरवला. तिच्या हाताला चिकाचा वास येत होता. मला तिथून लवकर निघावंसं वाटलं, आणि मी निघालो.

१२ डिसेंबर

नोनाला आमच्याकडे आणलं. दुकानावरची खोली दिली आहे, खिडकी थेट टोकाच्या दिशेला. गावात सगळे म्हणतात, पांतेलिससारखा धर्मपुत्र मिळायला भाग्य लागतं. एवांथिया म्हणते, तिच्यामागे जिना पुसावा लागतो.

झाडं तोडण्याआधी एकदा तोडणी करू द्या म्हणून तिने हट्ट धरला. यंत्रवाले एका बाजूने झाडं पाडत होते आणि ही दुसऱ्या बाजूने चाचपडत ऑलिव्ह गोळा करत होती. कामगार हसत होते. त्यातून सतरा किलोचे दोन डबे तेल निघालं. डबे तिने पलंगाखाली ठेवलेत.

कुंपण अजून झालेलं नाही, त्यामुळे रोज संध्याकाळी काठी टेकत टोकावर जाते आणि दिवा लावून येते. पाऊण तास जायला, पाऊण तास यायला. मी म्हटलं गाडीने सोडतो, तर म्हणाली, तुला दुकान आहे.

१९ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण सगळे माझ्याच नावाने खडे फोडणार आहेत.

श्रीमती वलासी कामावर देखरेखीला आल्या आहेत. त्यांनी चॅपेलातली भिंत ओल्या कापडाने पुसली. काजळीखालून एक चेहरा निघाला, मग दुसरा. अख्खी भिंत. म्हणे सातशे वर्षांची. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"हे तुम्ही का नाही लिहिलं?"

"मला काय माहीत? काळं होतं सगळं."

"सहावं पान," त्या म्हणाल्या. "जुनी भित्तिचित्रं असलेल्या पूजास्थानाभोवती पाचशे मीटर काही बांधता येत नाही. टोक सुटलं असतं, चढावरचं शेत सुटलं असतं, मैदानही सुटलं असतं. तुमच्या गावात केंद्र झालंच नसतं. त्या म्हातारीच्या दिव्याने तुम्हाला सगळ्यांना वाचवलं असतं."

"मग आता थांबवा."

"आता कसं? चॅपेल वापरात नाही असं तुम्ही लिहून दिलंय. तिने सही केलीय. काम निम्म्यावर आलंय. चित्रं जपायची म्हणून चॅपेल पाडणार नाही, कुंपणाच्या आत राहील. आणि मोठ्या गाड्यांना वळायला रस्ता लागेल, तो चढावरच्या शेतातून जाईल."

म्हणजे इग्नातिसचं शेत गेलंच. १८७१ सालच्या चॅपेलासकट. संध्याकाळी त्याने येऊन माझी कॉलर धरली आणि एवांथियाने सोडवली नाही.

तेव्हापासून विचार करतो आहे. दोष कोणाचा? आठ पानं बारीक अक्षरांत छापणाऱ्यांचा आहे, आणि खरं सांगायचं तर नोनाचाही आहे. स्वतःच्याच दिव्याने भिंत काळी केली आणि खाली चित्रं आहेत हे कधी बोलली नाही! विचारलं तर म्हणते, "चित्रं होती की. तुझ्या बाप्तिस्म्यात तू त्यांच्याकडे बघून रडत होतास. सगळ्यांना माहीत होतं." आता हे मला आठवायला हवं होतं का? मी चाळीस दिवसांचा होतो.

२४ जून

या महिन्यात केंद्र सुरू झालं. उद्घाटनाला मी भाषण केलं. पायाचं सगळं सिमेंट आपल्याच दुकानातून गेलं, हे सांगायला हरकत नाही, दुसरं दुकान बेटाच्या या बाजूला नाहीच.

कुंपण झाल्यावर नोना पहिल्या दिवशी फाटकापर्यंत गेली होती. पहारेकऱ्याने परत पाठवलं. ती बाहेर तासभर उभी राहिली, हातात तेलाची बाटली. मी मग वरपर्यंत भांडून गावासाठी एक पास मिळवला: 'स्थानिक समुदायाचा प्रतिनिधी.' एकच पास, अध्यक्षाच्या नावाने. नियम आहे.

"दे बाटली," मी म्हणालो. "रोज संध्याकाळी मी जाईन."

तिने माझा हात हातात घेऊन कपाळाला लावला. ऐंशी वर्षांच्या बाईने. मला लाज वाटली, हे खरं लिहितो.

पहिले नऊ दिवस रोज गेलो.

२६ जुलै

संत पारास्केवीचा सण. नोनाने नवं फडकं डोक्याला बांधलं आणि आत नेण्यासाठी विनवण्या केल्या. पास एकच, मी काय करणार? तिला फाटकाबाहेरच्या बाकावर बसवलं, सणाच्या दिवशी तरी जाऊ म्हणून महिनाभराने पास काढून आत गेलो.

चॅपेलाला आता नवं पत्र्याचं छप्पर आहे. आत जंतुनाशकाचे डबे, झाडू, बादल्या. भिंतीवर प्लास्टिक लावून चित्रं झाकली आहेत. दिव्याच्या जागी हातमोज्यांचं खोकं होतं. ते बाजूला करायला गेलो तर पहारेकरी म्हणाला, "इथे काडी ओढायची नाही काका, ज्वालाग्राही आहे सगळं." नियम म्हणजे नियम. तेलाची बाटली परत खिशात घातली.

बाहेर पडताना तारेपलीकडून कोणीतरी हाका मारायला लागलं. निळा स्वेटर, एवढ्या उन्हात! कपाळावर टाक्यांची खूण. मूल आता चालतं, तिच्या गुडघ्याला धरून उभं होतं. ती हातवारे करायला लागली: डोक्याला फडकं, वाकलेली पाठ, काठी. मग तळहात वर केले, कुठे आहे ती?

आता काय सांगणार? जिना, खोली, पास, नियम, हे सगळं खुणांनी कसं समजवायचं? मी डोळे मिटले, हात छातीवर आडवे ठेवले आणि वर बोट दाखवलं. तेच सोपं होतं.

ती तार धरून खाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली. मूलही रडायला लागलं. अर्धा तास काय ती ओळख, आणि केवढं ते! पहारेकरी माझ्याकडे बघायला लागला, म्हणून निघालो.

नोना बाकावर वाट बघत होती. "लावलास?"

"लावला."

"आत माणसं आहेत, ती ठीक आहेत ना रे? ती बाई दिसली का, बाळवाली?"

"ती केव्हाच गेली. जर्मनीला," मी म्हणालो.

नोना इतकी हसली की तिचे उरलेले चारही दात दिसले.

१५ नोव्हेंबर

बरेच दिवस लिहिलं नाही. काही घडलं नाही. इग्नातिस बोलायला लागला आहे, रस्त्याचा मोबदला मिळाला. होड्या येतात तेवढ्याच येतात. मार्चमध्ये निवडणूक आहे, मी उभा राहणार.

दिवस लवकर मावळतो. संध्याकाळी नोना पलंगाखालच्या डब्यातून छोटी बाटली भरून देते, एक थेंब सांडत नाही. मी पास गळ्यात अडकवतो, खाली उतरतो, बाटली स्वयंपाकघरात ठेवतो आणि कॉफीच्या दुकानात जाऊन बसतो. दीड तासाने परत येतो. घाईघाईने आलो तर तिला शंका येईल.

आज परत आलो तर ती खिडकीशी उभी होती. डोळ्यांनी आता फक्त उजेड कळतो तिला, आकार कळत नाहीत. टोकावर मनोऱ्यांचे मोठे दिवे लागले होते. ढगांच्या पोटापर्यंत पांढरं झालं होतं सगळं.

"पांतेलिस," ती म्हणाली, "केवढा लावलास रे आज! इथपर्यंत दिसतोय मला. मी लावत होते तेव्हा इवलासा असायचा."

मी दारातच थांबलो.

"तेल भरपूर घातलं, नोना."

"घाल, घाल. हात आखडू नकोस." तिचा सगळा चेहरा त्या उजेडाकडे होता. "एवढा उजेड असल्यावर कुठूनही दिसेल त्याला. आता येईल बघ. मला आधीच तुझ्याकडे द्यायला हवं होतं हे काम."

खाली एवांथियाने वांगी तळली होती. बाजारच्या तेलाला ही चव येत नाही. मी तिला विचारलं, डब्यात अजून किती आहे. ती म्हणाली, एक डबा संपला, दुसरा ईस्टरपर्यंत पुरेल, त्यानंतर विकत आणावं लागेल.

मी सांगितलं, मग जरा जपून वापर.